पोरक्या मुलाचे घर कोणते?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आजच्या सत्रासाठी आपण मला एक मर्यादित प्रश्न दिला आहे. पूर्व आफ्रिकेच्या ग्रामीण भागातील एका बालगृहासाठी आपण निधी जमवावा, अशी सूचना आपल्यातील काही तरुण मित्रांनी मांडली. त्यावर काहींनी आक्षेप घेतला की, स्वतःच्या तालुक्यातील मुलांचे प्रश्न सुटलेले नसताना इतक्या दूरच्या मुलांचे ओझे आपण का घ्यावे? आणखी काहींचे म्हणणे असे पडले की, दानधर्म हे समाजवाद्यांचे कामच नव्हे. आपण व्यवस्था बदलण्यासाठी आहोत, जखमेवर पट्ट्या बांधण्यासाठी नाही. ही तिन्ही मते प्रामाणिक आहेत. म्हणून कोणाच्याही बाजूने घाईने कौल न देता, पोरके मूल निराधार कसे होते आणि बालगृह त्यात नेमके काय करते, हे आधी पाहू. निर्णय त्यानंतर.

'आफ्रिका' या एका शब्दाने पन्नासाहून अधिक राष्ट्रांविषयी बोलण्याची सवय आपण सोडली पाहिजे. म्हणून मी एकच प्रदेश निवडतो. टांझानियाच्या वायव्य कोपऱ्यात, व्हिक्टोरिया सरोवराच्या पश्चिम काठावर कागेरा नावाचा प्रांत आहे. युगांडा, रवांडा आणि बुरुंडी या तीन देशांच्या सीमा त्याला भिडतात. बुकोबा हे त्याचे मुख्य शहर. तेथील हाया समाजाचे घर म्हणजे केळीच्या बागेत बसवलेले घर. केळीच्या सावलीत कॉफीची झाडे आणि मधल्या जागेत घेवड्याचे वेल. या बागेला 'किबान्जा' म्हणतात. आपल्याकडे केळे हे फळ आहे. तेथे हिरवी केळी शिजवून खातात, म्हणजे ती त्यांची भाकरीच. कॉफी हे रोख पैशाचे पीक. शाळेची फी, कपडा, मीठ, साबण हे सर्व कॉफीच्या पैशावर चालते.

या सुपीक प्रांतावर पंधरा वर्षांच्या आत चार आघात झाले. १९७८ साली युगांडाच्या इदी अमीनच्या सैन्याने कागेरा नदीपलीकडचा मुलूख बळकावला आणि त्यातून उद्भवलेल्या युद्धाने टांझानियाची तिजोरी रिकामी केली. १९८३ साली एड्सचे देशातील पहिले रुग्ण याच प्रांतात आढळले. १९८७ च्या पाहणीत बुकोबा शहरातील प्रौढांपैकी जवळजवळ चतुर्थांश लोकांना या विषाणूची बाधा झालेली दिसली. १९८९ च्या जुलैत आंतरराष्ट्रीय कॉफी कराराची निर्यातकोट्याची व्यवस्था कोसळली आणि कॉफीचे जागतिक भाव पाहता पाहता निम्म्याच्या आसपास आले. चौथा आघात धोरणाचा होता. त्याविषयी थोडे विस्ताराने बोलले पाहिजे, कारण तो आपल्या विचाराशी संबंधित आहे.

ज्यूलियस न्येरेरे यांनी ५ फेब्रुवारी १९६७ च्या अरुशा जाहीरनाम्याने टांझानियाला समाजवादाच्या मार्गावर नेले. त्या समाजवादाला त्यांनी 'उजामा' हे नाव दिले. या स्वाहिली शब्दाचा अर्थ कुटुंबभाव, आप्तपणा असा आहे. वर्गयुद्धाच्या परिभाषेऐवजी ज्याने कुटुंब ही संकल्पना समाजवादाच्या केंद्रस्थानी ठेवली असा हा विचारवंत. त्यांचे लोक त्यांना 'म्वालिमू', म्हणजे गुरुजी, म्हणत. या प्रयोगात दोष नव्हते असे मी म्हणणार नाही. सत्तरीच्या दशकात लाखो शेतकऱ्यांना सक्तीने नव्या वसाहतींत हलवण्यात आले, त्यात लोकशाहीचा बळी गेला आणि उत्पादनही घटले. परंतु त्याच राजवटीने १९७३ साली प्राथमिक शाळेची फी रद्द केली, आणि ऐंशीच्या दशकाच्या आरंभी शाळेत जाण्याच्या वयाच्या मुलांचे पटावरील प्रमाण शंभर टक्क्यांच्या जवळ नेले. इतक्या गरीब देशाने हे करून दाखवले होते.

पुढे कर्ज वाढले. मुलांना उपाशी ठेवून कर्जे फेडायची काय, असा प्रश्न न्येरेरे यांनी जगाच्या सावकारांना जाहीरपणे विचारला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यास शाळेत पालकांच्या वर्गण्या व फी परत आली, १९८५ साली न्येरेरे पायउतार झाले, १९८६ साली त्यांच्या वारसदारांनी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी करार केला आणि १९९३ पासून सरकारी इस्पितळांतही रुग्णाकडून शुल्क घेण्यास सुरुवात झाली. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस पटावरील प्रमाण पाऊणशे टक्क्यांच्या आसपास उतरले होते. प्राथमिक शाळेची फी पुन्हा रद्द व्हायला २००१ साल उजाडले.

मित्रहो, या तारखा एकापुढे एक मांडून पाहा. ज्या पंधरा वर्षांत कागेरातील आईबाप मृत्युमुखी पडत होते, नेमक्या त्याच पंधरा वर्षांत सरकारी शाळेचे आणि दवाखान्याचे दार पैशाशिवाय उघडेनासे झाले. पोरकेपण रोगाने आले. निराधारपण मात्र धोरणाने आले. दोहोंतील हा भेद मनात पक्का ठेवला नाही, तर मदतीचा विचार पहिल्याच पायरीवर चुकतो.

अनाथ म्हणजे कोण?

स्वाहिलीत पोरक्या मुलाला 'यातिमा' म्हणतात. आपल्या कानाला हा शब्द परका वाटणार नाही. आपण ज्याला यतीम आणि यतीमखाना म्हणतो, तोच हा मूळचा अरबी शब्द. अरबी समुद्राच्या दोन्ही काठांवर तो पोहोचला. परंतु या शब्दाची सांख्यिकी व्याख्या फसवी आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या संस्था आई किंवा वडील यांपैकी एक जरी दगावला तरी त्या मुलाची गणना अनाथांत करतात. या व्याख्येने २०१५ साली जगात सुमारे १४ कोटी अनाथ मुले होती; मात्र त्यांपैकी आई आणि वडील दोघेही गमावलेली मुले सुमारे दीड कोटी होती. म्हणजे दहा 'अनाथां'पैकी नऊ जणांचे आई किंवा वडील हयात होते. आणि दोघेही गेलेल्या मुलांपैकी बहुसंख्य मुले आजी, मावशी, काका किंवा मोठे भावंड यांच्या घरी वाढतात. आफ्रिकेच्या अनेक भागांत ही परंपरा टिकून आहे. एका हाताने मूल वाढत नाही, अशी स्वाहिली म्हण आहे. आणि एड्सच्या काळात हे इतर हात कामाला आले नसते, तर रस्त्यावर आलेल्या मुलांची संख्या आपल्या कल्पनेपलीकडे गेली असती.

या हातांवर किती ताण आला याचे एक मोजमाप कागेरातच झाले आहे. १९९१ ते १९९४ या काळात तेथील काही शेकडा कुटुंबांची वारंवार पाहणी झाली. त्या वेळी ज्यांचे आईवडील दोघेही जिवंत होते अशा सातशेहून अधिक मुलांना संशोधकांनी २००४ साली पुन्हा शोधून काढले. मधल्या काळात त्यांतील सुमारे एकपंचमांश मुलांनी आई, वडील किंवा दोघेही गमावले होते. निष्कर्ष असा निघाला की, बालपणी आई गेलेल्या मुलाची प्रौढपणीची उंची सरासरी दोन सेंटिमीटरने कमी राहिली आणि शिक्षण सरासरी एका वर्षाने. दोन सेंटिमीटर म्हणजे बोटाचे एक पेर. एवढ्याने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. परंतु शेकडो मुलांच्या सरासरीत जेव्हा एक पेर कमी भरते, तेव्हा त्यामागे कित्येक वर्षांची अपुरी जेवणे असतात. ही मुले घरातच होती, नातलगांतच होती. त्यांना टाकून दिलेले नव्हते. घर होते, घरात पुरेसे नव्हते.

आवाराच्या आत आणि बाहेर

आता बालगृहाकडे येऊ. गावाच्या कडेला कुंपणाचे आवार, आत चारदोन इमारती, पाण्याची टाकी, स्वयंपाकघर, कधी स्वतःची शाळा. चालवणारी माणसे बहुधा निष्ठेने काम करतात. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. अर्थशास्त्राचा शिक्षक म्हणून मी फक्त खर्चाचा हिशेब मांडतो. नव्वदीच्या दशकात जागतिक बँकेने एड्सविषयक अहवालासाठी कागेराचीच आकडेवारी घेतली. बालगृहात एका मुलाचा वार्षिक खर्च १,००० डॉलरहून अधिक होता. तेच मूल पालक-कुटुंबात ठेवून त्या कुटुंबाला आधार देण्याच्या खर्चाच्या तो जवळजवळ सहापट. म्हणजे आवारात एक मूल घेण्याचा निर्णय हा आवाराबाहेरच्या आणखी पाच मुलांना काहीही न देण्याचा निर्णय असतो. कोणी तो उघडपणे घेत नाही. परंतु पैसा मर्यादित असला की तो आपोआप घेतला जातो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ज्या गावात फी, गणवेश आणि दोन वेळचे जेवण केवळ कुंपणाच्या आत मिळते, त्या गावातली गरीब विधवा आपले एक मूल आत पाठवते. तिची माया कमी झालेली नसते. तिचा हिशेब बरोबर असतो. रवांडाने २०१२ च्या सुमारास आपल्या ३३ संस्थांची मोजणी केली. त्यांत ३,३२३ मुले व तरुण राहत होते, आणि त्यांतील मोठ्या बहुसंख्येची आई, वडील किंवा जवळचे नातलग हयात असून माहीत होते. वंशसंहार सोसलेल्या देशातील ही स्थिती! तेथील सरकारने मग मुलांना घरी परत नेण्याचा कार्यक्रम हाती घेतला. केन्यानेही २०१७ साली नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली आणि २०२२ साली मुलांचे संगोपन कुटुंबात व्हावे यासाठी दहा वर्षांचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. जेथे परदेशी पाहुणे व त्यांच्या देणग्या अधिक, तेथे तर मुले गोळा करणे हाच धंदा बनल्याची उदाहरणे निघाली. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने २०१७ च्या अहवालात या व्यापाराची दखल आधुनिक गुलामगिरीच्या संदर्भात घेतली.

संस्थेत वाढण्याचा मुलाच्या मनावर काय परिणाम होतो, याविषयी सर्वांत काटेकोर प्रयोग आफ्रिकेत नव्हे, रुमानियाच्या राजधानीत झाला. २००० साली सुरू झालेल्या या अभ्यासात संस्थांमधील १३६ बालकांपैकी निम्म्यांना, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडून, पालक-कुटुंबांत ठेवले गेले. कुटुंबात गेलेल्या बालकांची बुद्धी, भाषा आणि माणसांविषयीची ओढ अधिक चांगली वाढली. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांची विशेष. याच्या उलट दिसणारा पुरावाही सांगितला पाहिजे. टांझानिया, केन्या, इथिओपिया, कंबोडिया आणि भारत या पाच देशांतील सहा ते बारा वयाच्या पोरक्या मुलांचा २००९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास म्हणतो की, संस्थेतील मुले गावात नातलगांकडे राहणाऱ्या मुलांपेक्षा प्रकृतीने व बुद्धीने मागे नव्हती. बालगृहांचे समर्थक हा दाखला देतात, आणि तो खोटा नाही. पण तुलना कशाशी झाली हे पाहा. एका बाजूला देणग्यांवर चालणारी संस्था होती, दुसऱ्या बाजूला कसलाही आधार नसलेली दरिद्री कुटुंबे. संस्थेवर होणारा खर्च त्या कुटुंबांच्या हाती पोहोचला असता तर काय दिसले असते, हा खरा प्रश्न आहे. या अभ्यासातून दारिद्र्याचा दोष सिद्ध होतो, कुटुंबाचा नव्हे.

किबान्जा कोणाचा?

देणगी देणाऱ्याच्या नजरेस सहसा न येणारा एक विषय म्हणजे जमीन. हाया समाजात किबान्जा बहुधा कुळाची मानली जाते आणि वारसा पुरुषाकडून पुरुषाकडे जातो. बाप गेला की विधवेला आणि लहान मुलांना बाजूला सारून त्याच्या भावांनी बागेचा ताबा घ्यावा, असे प्रसंग एड्सच्या काळात वाढले. याच समाजातील होलारिया पास्तोरी या स्त्रीने वडिलांकडून मृत्युपत्राने मिळालेली कुळाची जमीन विकली, तेव्हा तिच्या कुळातील पुरुषाने विक्री रद्द व्हावी म्हणून दावा लावला. १९९० साली म्वान्झा येथील उच्च न्यायालयात न्यायमूर्ती म्वालुसान्या यांनी निर्णय दिला की, पुरुषाला जो हक्क आहे तो स्त्रीला नाकारणारी ही रूढी राज्यघटनेच्या समतेच्या तत्त्वाशी विसंगत आहे. १९९९ च्या जमीनविषयक कायद्यांनीही स्त्रियांचा समान हक्क मान्य केला. पण कायदा पुस्तकात असतो आणि बाग गावात असते.

बालगृहाच्या दृष्टीने याचा अर्थ काय? पाच वर्षांचे मूल गावातून उचलून तीस-चाळीस मैलांवरच्या संस्थेत नेले आणि अठराव्या वर्षी परत सोडले, तर मधल्या तेरा वर्षांत त्याची बाग दुसऱ्याने कसलेली असते. गावात त्याला ओळखणारे थोडे उरतात, आणि हद्दीची खूण दाखवू शकणारी आजी वारलेली असते. मुलाला तेरा वर्षे जेवण मिळाले, हे खरे. परंतु जन्मभर जेवण देणारी बाग त्या बदल्यात गेली. ज्या संस्थेच्या हिशेबात वकिलाच्या फीसाठी, जन्मदाखल्यासाठी, वारसनोंदीसाठी एक ओळही नसते, ती संस्था मुलाला वाढवता वाढवता त्याच्या वारशापासून तोडत असते.

आजीच्या हाती पैसा

मग दुसरा मार्ग आहे काय? आहे, आणि तोही कागेरातच करून पाहिलेला आहे. मुलेबा जिल्ह्यातील न्शाम्बा या गावी २००३ साली 'क्वा वाझे', म्हणजे 'वृद्धांसाठी', नावाचे काम सुरू झाले. नातवंडे सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या बायकांना दरमहा रोख निवृत्तिवेतन आणि प्रत्येक नातवंडामागे आणखी थोडी रक्कम, एवढीच त्याची कल्पना. स्वाहिलीत आजीला 'बीबी' म्हणतात. या बीबींना मिळणारी मूळ रक्कम त्या काळी महिन्याला पाच डॉलरच्या आसपास होती. काही वर्षांनी जेव्हा पाहणी झाली, तेव्हा त्या अहवालाचे नावच मीठ, साबण आणि शाळेचे बूट यांवरून ठेवले गेले, कारण पैसा गेला होता तो अशाच गोष्टींत. जेवणात घेवडा, मासळी, तेल दिसू लागले. अंगाला साबण लागल्याने मुलाला वर्गात बसण्याची लाज वाटेनाशी झाली. म्हातारीला दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जाणे कमी करता आले, आणि उरलेला वेळ तिच्या स्वतःच्या बागेला मिळाला.

गरिबाच्या हाती रोख पैसा दिला तर तो उधळेल, ही शंका आपल्याकडेही सुशिक्षितांच्या बैठकांत ऐकू येते. ज्या बाईने आपली मुले पुरून नातवंडे वाढवायला घेतली, तिला पाच डॉलरचा विनियोग कळत नाही आणि तो आपल्याला कळतो, असे मानण्यात मोठा अहंकार आहे. केन्याने २००४ साली अशा कुटुंबांना थेट अनुदान देण्याचा प्रयोग सुरू केला, मलावीने २००६ साली म्चिंजी जिल्ह्यात. टांझानियाच्या सरकारने २०१२ पासून अतिदरिद्री कुटुंबांना नियमित रोख साह्य देण्याची योजना आखली आणि काही वर्षांत ती दहा लाखांहून अधिक कुटुंबांपर्यंत नेली. या योजनांत रक्कम अपुरी पडते, हप्ते लांबतात, आणि पैशाचा मोठा भाग परदेशी कर्जातून येतो; या तिन्ही गोष्टी टीकेस पात्र आहेत. तरीही येथे मूल दात्याच्या कृपेवर जगत नाही, त्याचे घर नागरिक म्हणून शासनाकडे हक्क मागते. दया आणि सामाजिक न्याय यांत आपण जी सीमारेषा मानतो, ती हीच.

औषध मुंबईचे

आता पहिल्या आक्षेपाकडे वळतो: इतक्या दूरच्या मुलांशी आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो आपल्या राज्यातूनच जातो. पोरक्या मुलाला सर्वांत मोठी मदत कोणती? तर त्याला पोरके होऊ न देणे. नव्वदीच्या दशकाच्या मध्यास एड्सला रोखणारी तीन औषधांची जोड सापडली, परंतु तिची किंमत एका रुग्णामागे वर्षाला दहा ते बारा हजार डॉलर होती. कागेरातील आईला ते औषध चंद्राइतके दूर होते. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने, डॉ. युसूफ हमीद यांच्या पुढाकाराने, तीच जोड एका आंतरराष्ट्रीय डॉक्टरसंघटनेला वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली. पुढे किंमत आणखी कितीतरी खाली आली. टांझानियात २००४ पासून ही औषधे सरकारी केंद्रांतून मोफत मिळू लागली. २००४ च्या सुमारास जगात एड्सने वर्षाला वीस लाखांवर माणसे मरत होती. २०२३ साली हा आकडा सुमारे सव्वासहा लाखांवर आला होता. वाचलेल्यांत लाखो आया आहेत. जी मुले त्यामुळे कोणत्याही बालगृहाच्या दाराशी आलीच नाहीत, त्यांची मोजदाद कोणी ठेवत नाही.

ही किंमत एका कारखानदाराच्या उदारपणानेच उतरली नाही. आपल्या संसदेने १९७० साली जो पेटंट कायदा केला, त्याने औषधाच्या वस्तूवर नव्हे तर केवळ ती बनवण्याच्या प्रक्रियेवर पेटंट देण्याचे ठरवले. त्या आधारावर आपले औषध-उद्योग उभे राहिले. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे २००५ साली वस्तूवरचे पेटंट परत आणावे लागले. तरी जुन्याच औषधाला किरकोळ बदलाने नवे पेटंट मिळू नये, ही तरतूद लोकांच्या व खासदारांच्या रेट्यामुळे कायद्यात आली, आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. श्रीमंत राष्ट्रांशी होणाऱ्या व्यापारकरारांच्या वाटाघाटींत ही भिंत खिळखिळी करण्याच्या मागण्या आजवर अनेकदा आल्या आहेत. तेव्हा ज्यांना दानधर्म नको, राजकारण हवे, त्यांना मी म्हणेन: येथे या. आपल्या पेटंट कायद्याची राखण करणे ही आफ्रिकेतील पोरक्या मुलांची सेवाच आहे, आणि ती करण्यासाठी विमानाचे तिकीट लागत नाही.

दात्याच्या मर्जीवर उभ्या असलेल्या मदतीचे काय होते, हे आपण नुकतेच पाहिले. आफ्रिकेतील एड्स-उपचारांचा फार मोठा भाग २००३ पासून अमेरिकन सरकारच्या पैशावर चालत आला. त्याने असंख्य जीव वाचवले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. परंतु जानेवारी २०२५ मध्ये तेथील नव्या सरकारने एका आदेशाने परदेशी मदत रोखली, आणि १ जुलै २०२५ रोजी यूएसएड ही त्यांची मदतसंस्थाच बंद झाली. एका राजधानीतील सहीने दुसऱ्या खंडातील दवाखान्यांचे परिचारक घरी बसले. ज्या मुलाच्या आईचे औषध असे थांबते, त्याचे पोरकेपण पुन्हा नैसर्गिक आपत्ती म्हणून नोंदले जाईल. ते नैसर्गिक नसेल.

मग बालगृहाला द्यावे की नाही?

एवढे सगळे ऐकून, बालगृहाला एक पैसाही देऊ नये असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो मला मान्य नाही. काही मुलांना अशा घराची खरोखर गरज असते. बाळंतपणात आई गेली आणि घरी म्हाताऱ्या आजीशिवाय कोणी नाही, तर तान्ह्या बाळाच्या दुधाचे काय? टांझानियात अशा बाळांना दीड-दोन वर्षे सांभाळून, ती जेवू लागली की नातलगांच्या स्वाधीन करणारी घरे आहेत. घरातच अत्याचार सोसलेली मुलगी, कोणीच नातलग न सापडलेले मूल, ज्याची शुश्रूषा घराच्या आवाक्याबाहेर आहे असे अपंग मूल, यांना निवारा लागतो, आणि तो आजच लागतो. व्यवस्था बदलेपर्यंत थांबा, असे त्यांना सांगता येत नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने २००९ साली स्वीकारलेली मार्गदर्शक तत्त्वेही हेच सांगतात: केवळ दारिद्र्याच्या कारणाने मूल कुटुंबापासून तोडू नये, आणि संस्था हवीच असेल तर ती आवश्यक तेवढी, आवश्यक तितकाच काळ.

म्हणून आपण त्या संस्थेला पत्र लिहावे, आणि त्यात नम्रपणे पाच प्रश्न विचारावेत. आपल्याकडील किती मुलांचे आई, वडील वा आजी हयात आहेत, आणि गेल्या वर्षी किती मुले घरी परत गेली? मुले गावच्या सरकारी शाळेत जातात की आवारातच शिकतात? आपल्या विहिरीचे पाणी, आपला दवाखाना, आपली सुतारशाळा गावातल्या इतर मुलांना खुली आहे काय? मुलांचे जन्मदाखले आणि त्यांच्या बागांच्या नोंदी कोण सांभाळते? आणि संस्थेच्या कारभारात गावच्या लोकांना, विशेषतः तेथील स्त्रियांना, मत आहे काय? उत्तरे समाधानकारक आली तर आपण पैसे द्यावेत. मात्र ते 'अमुक मुलासाठी' म्हणून, त्याचा फोटो आणि आभाराचे पत्र मागून देऊ नयेत. कोणत्याही मुलाला आपल्या देणगीची पावती बनवण्याचा अधिकार आपल्याला नाही. पैसे आज्यांच्या निवृत्तिवेतनासाठी, शाळेच्या साहित्यासाठी, जमिनीच्या दाव्यांसाठी आणि ज्यांना खरोखरच घर नाही अशा थोड्या मुलांसाठी खर्च व्हावेत, अशी विनंती करावी. उत्तरे समाधानकारक आली नाहीत, तर तीच रक्कम रोख साह्याच्या कामाकडे वळवावी.

निधी मोठा होणार नाही, हे मला माहीत आहे. आपल्या खिशांचा मला अंदाज आहे. तरीही तो जमवावा, असे माझे मत आहे. कारण निधी जमवताना आपण घरोघर जाऊ, आणि प्रत्येक घरी कॉफीचा भाव, शाळेची फी, औषधाचे पेटंट आणि कर्जाचा हप्ता या चार गोष्टी समजावून सांगू. दान घेणारा कार्यकर्ता आणि लोकशिक्षण करणारा कार्यकर्ता हे दोन वेगळे असण्याचे कारण नाही. न्येरेरे यांनी समाजवादासाठी 'उजामा' हा शब्द निवडला, त्याचा आशय मला इतकाच दिसतो की, रक्ताच्या नात्यात जी जबाबदारी आपण विनातक्रार घेतो, ती समाजाने सर्वांसाठी घ्यावी. त्यांच्या देशाला ते पुरते जमले नाही. आपल्यालाही जमलेले नाही. परंतु पोरक्या मुलाचे घर कोणते, या प्रश्नाचे आपले उत्तर त्याच दिशेला आहे. त्याचे घर म्हणजे त्याच्या आजीचे घर; आणि ते उभे ठेवणे, ही आजीची एकटीची जबाबदारी नव्हे.